शाहीर गेले, चाल कोणाजवळ?

ट्रॉम्बेच्या आमच्या विहारात कोणी कलावंत गेल्याची बातमी आली की रविवारच्या वंदनेनंतर अभिवादन सभा होते. त्रिसरण-पंचशील, दोन मिनिटे स्तब्धता, दोघा-तिघांची भाषणे आणि शेवटी त्या कलावंताचे एखादे गीत, असा तिचा ठरलेला क्रम आहे. २०२२ च्या जानेवारीत गीतकार हरेंद्र जाधव कालवश झाले तेव्हाही अशीच सभा घेतली. भाषणे चांगली झाली. मग गीताची वेळ आली. धृपद सर्वांनी म्हटले, अगदी लहान मुलांनीही. पहिला अंतरा निम्म्या लोकांनी म्हटला. दुसऱ्यात दोन वेगळ्या गाण्यांची सरमिसळ झाली. आणि शेवटचा अंतरा, ज्यात शाहीर बहुधा आपले नाव गुंफतो, तो कोणालाच येईना. ढोलकीवाल्याने प्रसंग ओळखून तिहाई मारली आणि कार्यक्रम आटोपला.

कोणी काही बोलले नाही, पण वरमले सगळेच. अभ्यासवर्गात पुढचे दोन-तीन महिने आम्ही याच विषयावर बसलो. त्या बैठकींत जे वाचले, जे बोलणे झाले आणि ज्यावर आमच्यात मतभेद झाले, ते समितीच्या सभासदांपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवावे म्हणून हा लेख लिहीत आहोत.

प्रथम एक शंका मोकळी केली पाहिजे. वर्गातील एका मुलीनेच ती विचारली. सर्व संस्कार अनित्य आहेत असे आपण रोज म्हणतो, मग माणूस गेल्यावर शोक करणे हे धम्माला धरून आहे काय? संयुत्त निकायात याविषयी दोन लहान सुत्ते आहेत. पहिल्याचे नाव चुन्द सुत्त. सारिपुत्त थेर मगधातील नालक गावी आजारी होते व तेथेच त्यांचे परिनिर्वाण झाले. त्यांची सेवा करणारा श्रामणेर चुन्द त्यांचे पात्र आणि चीवर घेऊन श्रावस्तीला जेतवनात आनंदांकडे आला. दोघे मिळून तथागतांकडे गेले. आनंद म्हणाले की ही वार्ता ऐकल्यापासून अंगातले त्राण गेले आहे, दिशा सुचत नाहीत, शिकलेला धम्मसुद्धा आठवत नाही. तेव्हा तथागतांनी त्यांना विचारले : सारिपुत्त जाताना तुझे शील बरोबर घेऊन गेले काय? समाधी घेऊन गेले काय? प्रज्ञा घेऊन गेले काय? आनंदांना नाही असे म्हणावे लागले.

हे सुत्त आपल्याकडे पुण्यानुमोदनाच्या वेळी पुष्कळदा सांगितले जाते आणि ऐकणाऱ्याचा धीर त्याने खरोखर बांधला जातो. दुसरे सुत्त मात्र फारसे कोणी सांगत नाही. ते उक्कचेल सुत्त. वज्जींच्या प्रदेशात गंगेच्या काठी तथागत भिक्खुसंघासह बसले आहेत. सारिपुत्त आणि मोग्गल्लान दोघेही नुकतेच गेलेले आहेत. परंपरा सांगते की दोघांच्या जाण्यात पंधरवड्याचेच अंतर होते. शांत बसलेल्या संघावरून नजर फिरवून तथागत म्हणतात की, भिक्खूंनो, ही परिषद मला रिकामी वाटते.

शोकात बुडू नकोस असे आनंदांना सांगणाऱ्या शास्त्यालाही सभा रिकामी वाटली, आणि त्यांनी ते लपवले नाही. आमच्या मते दोन्ही सुत्ते एकत्र वाचली पाहिजेत. एकट्या पहिल्याने माणूस कोरडा होईल, एकट्या दुसऱ्याने खचेल.

आपली सभा कोणाकोणाच्या जाण्याने रिकामी झाली ते आता पाहू. यादी फार मोठी आहे आणि आम्ही ती पूर्ण देणार नाही. ज्यांच्याविषयी वर्गात सविस्तर बोलणे झाले त्यांच्यापुरते लिहितो.

लोककवी वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा. मुंबईत येऊन त्यांनी पोटासाठी मिळेल ती कामे केली. तरुण वयापर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. कोणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले, ते वाचता आले नाही आणि त्या शरमेतून ते अक्षरे शिकले. देहलवी नावाच्या शिक्षकांनी त्यांना अक्षरओळख करून दिली. ज्यांना पत्र वाचता येत नव्हते त्यांची गाणी पुढे निरक्षर आयाबायांनी एकदा ऐकून पाठ केली. ‘वाटचाल’ आणि ‘मोहळ’ हे त्यांचे संग्रह पुस्तकरूपाने आले, पण त्यांचे बहुतेक गाणे पुस्तकात मावणारे नव्हते. ते गावोगावच्या जयंत्यांत, चाळींच्या चौकांत, मोर्च्यांत तयार झाले व तिथेच राहिले. १५ मे २००४ रोजी ते नाशिकला गेले. त्याच वर्षी २३ जूनला प्रल्हाद शिंदे गेले. दीड महिन्याच्या आत शब्दही गेला आणि गळाही गेला. त्या उन्हाळ्यात आपल्या वस्त्यांतून जी कळा पसरली होती ती ज्यांना आठवते त्यांना उक्कचेलचे सुत्त समजावून सांगण्याची गरज नाही.

विठ्ठल उमप यांचे जाणे तर सर्वांना ठाऊक आहे. मुंबईच्या नायगावात १९३१ साली जन्मलेला हा शाहीर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच कोसळला. तो दिवस संविधानाचा. ‘जांभूळ आख्यान’ ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे त्यांना हे माहीत आहे की एकच माणूस द्रौपदी, कृष्ण, भीम आणि गावातली चावट म्हातारी अशी सगळी माणसे उभी करीत असे, तेही खांद्यावरचा शेला इकडचा तिकडे करून. महाभारतात नसलेली ही कथा लोकांनी रचली, लोकांनीच जपली. तिच्यात द्रौपदीला आपल्या मनातली गोष्ट कबूल करावी लागते आणि ऐकणाऱ्याला तिचा राग न येता माया वाटते. उमपांनी भीमगीते गाइली म्हणून ते आपले आहेतच. पण ‘जांभूळ आख्याना’त जे माणुसकीचे शिक्षण आहे तेही आपलेच मानावे, असे आम्हांला वाटते.

घाटकोपरचे नाव निघाले की विलास घोगरे आठवतात. ते मुलुंडला राहत. आवाहन नाट्य मंचाचे शाहीर. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ सालच्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात झोपडपट्ट्या पाडण्याच्या प्रसंगी त्यांचा आवाज ऐकू येतो. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात दहा जण मारले गेले आणि काही दिवसांतच घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपविले. पटवर्धनांनी त्यानंतर १४ वर्षे चित्रण करून ‘जय भीम कॉम्रेड’ केला. विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगू की घोगरे यांचे स्मरण त्यांच्या गाण्यासाठी करा, त्यांच्या शेवटासाठी करू नका. दुःख असह्य झालेल्या माणसाजवळ कोणीतरी बसलेले असावे लागते. त्या आठवड्यात आपण सारेच आपापल्या रागात आणि धावपळीत होतो.

अलीकडची नावे घेताना करोनाचा काळ आडवा येतो. २०२० च्या मे महिन्यात लोकगायक छगन चौगुले गेले. १३ एप्रिल २०२१ रोजी नागपुरात वीरा साथीदार गेले, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी. ‘कोर्ट’ या चित्रपटात त्यांनी नारायण कांबळे नावाच्या वृद्ध लोकशाहिराचे काम केले आहे. एका गटारसफाई कामगाराने गाणे ऐकून आत्महत्या केली असा आळ घेऊन त्या शाहिरावर खटला चालतो. साथीदार हे स्वतः चळवळीतले, ‘विद्रोही’ नियतकालिकाचे संपादक. त्यामुळे पडद्यावर ते अभिनय करतात असे वाटतच नाही. या दोघांनाही शेवटचा निरोप द्यायला गर्दी करता आली नाही. ज्यांनी आयुष्यभर गर्दीपुढे गाणे म्हटले त्यांच्या वाट्याला बंद दरवाजे आले.

छगन चौगुले यांचे नाव या यादीत का, असा प्रश्न वर्गात निघाला आणि त्यावर बराच वाद झाला. ते खंडोबाची, देवीची गाणी गात. आपण १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेऊन ते सोडले. एका ज्येष्ठ सभासदाचे म्हणणे असे पडले की, ज्या गाण्यांनी आपल्या मुलींना मुरळ्या केले आणि मुलांना पोतराज केले त्यांचा गायक गेला तर आपण सभा का घ्यावी? हे म्हणणे खोटे नाही. ज्यांच्या घरातून मूल देवाला वाहिले गेले त्यांनी ते म्हणावे. आमचे मत मात्र वेगळे आहे. संबळ, हलगी, चोंडके, तुणतुणे ही वाद्ये ज्यांच्या हातून वाजली ते हात कोणाचे होते? देव दुसऱ्याचा असेल, कारागिरी आपली होती. देव सोडला म्हणून हात कापून द्यायचे काय? जलसेकारांनी तसे केले नाही.

आणि जलसेकारांनी काय केले हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घेण्यासारखे आहे. तमाशाचा जुना साचा असा : आधी गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग. सत्यशोधकांच्या जलशांनी या साच्यात पहिल्यांदा हात घातला. पुढे १९३० च्या सुमारास आंबेडकरी जलसे उभे राहिले. त्यांत नाशिक जिल्हा युवक संघाचा, भीमराव कर्डकांचा जलसा अग्रभागी होता. गणातला गणपती गेला, त्या जागी समाजाचे, विद्येचे आणि पुढे बाबासाहेबांचे स्तवन आले. गवळणीतली छेडछाड गेली. बतावणीतल्या हजरजबाबीपणाला धार आली, कारण भटजी, सावकार आणि तलाठी यांची भंबेरी उडवायला त्याहून चांगले हत्यार नव्हते. वगात राजा-राणीऐवजी पाणवठा, शाळा, दारू, कर्ज आणि मेलेल्या ढोरांचा प्रश्न आला. डफ, ढोलकी, तुणतुणे आणि मागे उभे राहणारे झिलकरी मात्र तसेच राहिले. म्हणजे भांडे तेच ठेवून आतले अन्न बदलले. आपल्या दहा भाषणांचे काम एक जलसा करतो असे बाबासाहेब मानत, ही आठवण जुनी मंडळी नेहमी सांगत. हा सारा इतिहास आज आपल्याला कळतो तो मुख्यतः भीमराव कर्डकांनी उतारवयात ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक लिहून ठेवले म्हणून. ते १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी ते लिहिले नसते तर आज आम्ही हा परिच्छेद लिहू शकलो नसतो.

कथा सांगणाऱ्यांचे थोडे निराळे. त्यांचे पुस्तक मागे राहते, म्हणून त्यांचे सर्व काही राहिले असे आपण समजतो. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्या ‘फकिरा’च्या आवृत्त्या निघत आहेत, घाटकोपरच्या चिरागनगरात ते ज्या झोपडीत राहिले तिची आठवण लोक सांगतात. पण माटुंगा लेबर कॅम्पात अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर ते फडावर उभे राहत तेव्हा वाक्य कोठे तोडत, हशा कोठे घेत, हे कादंबरीच्या पानावर नाही. वामन होवाळही गेले. ते कथा लिहीत तसे सांगतही असत. त्यांची ‘मजल्याचं घर’ ही कथा आम्ही वर्गात मोठ्याने वाचली. मुंबईच्या गोदीत जन्म काढून निवृत्त झालेला बयाजी फंडाचा पैसा घेऊन गावी जातो आणि मजल्याचे घर बांधायचे म्हणतो. गावचा पाटील म्हणतो, पायरीने राहा. बयाजी डोके चालवतो, बाहेरून साधे दिसेल आणि मजला आत राहील असे घर बांधतो. घरभरणीच्या रात्री ते पेटवले जाते, बयाजी जातो. दुसऱ्या दिवशी त्याचे मुलगे पुन्हा पाया खणायला लागतात, आणि आता एक नव्हे, दोन मजले चढवायचे असे ठरवतात. वाचून झाल्यावर वर्गातले एक आजोबा, जे स्वतः गोदीत होते, कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, “माझंबी घर एकमजलीच हाय गावाकडं.” हे वाक्य होवाळांच्या कथेत नाही, पण कथा मोठ्याने वाचली नसती तर ते बाहेर आले नसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सारिपुत्त शील बरोबर घेऊन गेले नाहीत हे खरे. शाहीर गाणे बरोबर घेऊन जातो काय? पहिल्या दिवशी आम्ही सर्वांनी, सुत्ताच्या नादात, ‘नाही’ असे उत्तर दिले. नंतर विचार केला तेव्हा ते उत्तर टिकेना. शील हे ज्याचे त्याला पाळायचे असते, ते आनंदांजवळ होतेच. पण जे गाणे फक्त त्या शाहिराच्या ओठावर होते, जी चाल त्याने कागदावर उतरवली नव्हती, ती खरोखरच त्याच्याबरोबर जाते. त्या रविवारी आमच्या विहारात शेवटचा अंतरा आला नाही याचे कारण हेच. आपण पुरेसे शिकून घेतलेले नव्हते.

खुद्द धम्माच्या इतिहासात हा प्रसंग आलेला आहे. राजगृहाच्या पहिल्या परिषदेला ‘संगीति’ म्हणतात; संगीति म्हणजे एकत्र म्हणणे. पाचशे अर्हतांपुढे आनंदांनी सुत्ते म्हणून दाखवली आणि सर्वांनी ती मिळून म्हटली. त्यानंतर कित्येक पिढ्या त्रिपिटक पुस्तकात नव्हते, माणसांत होते. ते पाठ करून म्हणणाऱ्यांना भाणक म्हणत. कोणी दीघभाणक, कोणी मज्झिमभाणक, असा ज्याचा त्याचा वाटा ठरलेला असे. हे फार लांबचे वाटेल म्हणून सांगतो : कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपारक गावच्या सातिमित नावाच्या भाणकाचे दान कोरलेले आहे. सोपारक म्हणजे आपले नालासोपारा. ट्रॉम्बेहून लोकलने तिकडे कामाला जाणारी माणसे आपल्यात आहेत.

ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात लंकेत मोठा दुष्काळ पडला, वट्टगामणी राजाचा काळ होता, लढाया चालू होत्या. भाणक मरू लागले. अट्ठकथेत असे सांगितले आहे की साठ भिक्खू डोंगराळ मुलखात कंदमुळे आणि पाने खाऊन राहिले. अंगात बळ असे तोवर ते बसून पाठ म्हणत. बसवेनासे झाले की वाळूचे ढिगारे करून, सभोवार पडून, डोकी एका ठिकाणी आणून पाठाची उजळणी करीत. हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यानंतरच अलुविहारात त्रिपिटक प्रथम लिहून काढले गेले. लिहिण्याची कला त्याआधीही होती. माणसे कमी होऊ लागली म्हणून लिहिले.

याच संबंधात आणखी एक कथा आहे आणि ती मुद्दाम सांगतो. एका बिकट काळात ‘महानिद्देस’ हा ग्रंथ पाठ असलेला एकच भिक्खू उरला होता, आणि त्याचे आचरण चांगले नव्हते. वडील थेरांनी महारक्खित नावाच्या तरुण भिक्खूला सांगितले, त्याच्याकडून शिकून घे. तो म्हणाला, त्याच्यासारख्याकडून मी शिकणार नाही. थेर म्हणाले, शीक, मी तुझ्या शेजारी बसतो. महारक्खित शिकले, त्यांच्यापासून पुढे अनेकांनी घेतले आणि ग्रंथ वाचला.

आपल्या वस्तीत काय होते ते सर्वांना माहीत आहे. एखादा म्हातारा ढोलकीवाला, एखादा जुना कव्वाल, रात्री घेतो म्हणून लोक मुलांना त्याच्या दारात जाऊ देत नाहीत. पाचवे शील सैल करा असे आम्ही सुचवीत नाही. पण त्याच्याजवळ ज्या पंचवीस-तीस चाली आहेत त्या दुसऱ्या कोणाजवळ नाहीत. तेव्हा मुलाला दुपारी पाठवावे, आणि वडिलांपैकी कोणीतरी शेजारी बसावे.

एक-दोन विद्यार्थ्यांनी अट्ठशीलाचा दाखला दिला की उपोसथाच्या दिवशी नृत्य-गीत-वादन वर्ज्य आहे, मग गाणे धम्माला चालते काय? उपोसथाचा नियम त्या दिवसापुरता व ते शील घेणाऱ्यापुरता आहे. गृहस्थाच्या पंचशीलात तो नाही. दीघ निकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख गंधर्व वीणा वाजवून गातो तेव्हा तथागत त्याला थांबवीत नाहीत, तारांचा सूर आणि गळ्याचा सूर छान जुळला असे म्हणतात. इतके पुरे.

काम कसे करायचे, याविषयी आता आमच्या अनुभवातले लिहितो. आमची पहिली चूक अशी की आम्ही फक्त शब्द उतरवत बसलो. शब्द आले, चाल राहिली. मोबाईल आता प्रत्येकाच्या खिशात आहे, तेव्हा आधी म्हणणाऱ्याची परवानगी घेऊन आवाज घ्यावा, मग शब्द लिहावेत. म्हणणाऱ्याचे नाव, हे गाणे त्याने कोणाकडून उचलले, साधारण कोणत्या साली, जयंतीत की लग्नात की जलदान विधीच्या रात्री, कोणत्या वाद्यावर, हे त्याच बैठकीत विचारावे. पुढच्या वेळी विचारू म्हटले की राहते. एकाच गाण्याचे दोन पाठ मिळाले तर दोन्ही ठेवावेत, ‘शुद्ध’ करू नये. आणि शेवटचा अंतरा कधीही सोडू नये. वामनदादा आपल्या गाण्याच्या शेवटी ‘वामन’ हे नाव घालत. ती त्यांची सही होती, आणि धनादेशावर नव्हे तर गाण्यात केलेली ती एकच सही त्यांना परवडणारी होती. आज डीजेवर ती गाणी वाजतात तेव्हा नेमका तोच अंतरा कापलेला असतो. यूट्यूबवर गायकाचा फोटो मोठा दिसतो, कवीचे नाव बहुधा नसते. हरेंद्र जाधवांनी लिहिलेली गाणी ज्यांनी आयुष्यभर म्हटली अशा कित्येकांना ती त्यांची आहेत हे त्यांच्या निधनाची बातमी वाचून कळले. आमच्या वर्गातही तसेच झाले.

कॅसेटींविषयी थोडे. घराघरांत माळ्यावर १९८०-९० च्या काळातल्या कॅसेटी पडून आहेत. आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत त्यांना पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट एकदम लावू नये, फीत तुटते. पुसून, वाळवून, एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून मग लावावी. वरची दोन लहान चिपा मोडून टाकाव्यात, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. आमच्याकडे एका सुरेख कव्वालीच्या मुकाबल्यावर कोणाच्या तरी बारशाचा गोंगाट भरलेला निघाला. बाळ आता नोकरीला आहे.

बायांची गाणी आपण सर्वांत उशिरा आठवतो, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे जे काम केले त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा मोठा साठा आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. हे काम आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेने लोकांपुढे ठेवले आहे, कोणालाही ऐकता येते. जाते फिरवणारी ती पिढी ट्रॉम्बेतही होती. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून निघालेल्या कितीतरी बाया मुंबईच्या या टोकाला आल्या. येथे जाते राहिले नाही, पिठाची गिरणी आली, आणि ओवी म्हणायला हात मोकळे राहिले नाहीत. आमच्या वर्गातल्या मुलींनी आपापल्या आजीला विचारले तेव्हा ठरावीक उत्तर आले : जात्याबिगर आठवत न्हाई. शेवटी एकीने आजीपुढे वरवंटा ठेवला. आजी हसली आणि पाटा-वरवंट्याच्या लयीत तिला अकरा ओव्या आठवल्या.

या भागाची एक खास अडचण आहे. १९७६ साली, आणीबाणीत, जनता कॉलनी उठवून हजारो लोकांना चीता कॅम्पात आणले गेले. त्याआधी आणि नंतरही रस्त्यासाठी, प्रकल्पासाठी, पुनर्वसनासाठी आपल्या लोकांची घरे हलत राहिली. घर हलते तेव्हा भांडी येतात, पत्र्याची पेटी येते, बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो छातीशी धरून आणला जातो. वह्या येतीलच असे नाही. आता चाळी पाडून उंच इमारती होत आहेत आणि माळे रिकामे केले जात आहेत. भंगारवाला वही किलोवर घेतो.

अशीच एक वही आम्हांला मानखुर्दच्या बाजूला एका घरातून मिळाली. घरातले कर्ते गृहस्थ पूर्वी एका गायनपार्टीत झिलकरी होते, वारून बरीच वर्षे झाली. सुनेने माळा झाडताना ती काढली आणि टाकून देण्याऐवजी विहारात आणून दिली, याबद्दल त्यांचे जाहीर आभार. शाळेची शंभर पानी वही, निम्मी पाने वाळवीने खाल्लेली. सोळा गाणी वाचता येतात. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर चालीची खूण म्हणून त्या काळातल्या एखाद्या सिनेमाच्या गाण्याचा उल्लेख आहे, काही ठिकाणी फक्त ‘नेहमीप्रमाणे’ एवढेच लिहिले आहे. ज्या पार्टीला ते ‘नेहमीप्रमाणे’ कळत होते तिच्यातले पायलीपाड्यातले एक पेटीवादक तेवढे हयात आहेत. त्यांना आता नीट ऐकू येत नाही. आमचे दोन विद्यार्थी दर शनिवारी दुपारी त्यांच्याकडे जातात, वहीतली ओळ मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहून त्यांच्यापुढे धरतात, आणि ते पेटीवर बोटे ठेवतात. सोळांपैकी सात गाण्यांच्या चाली मिळाल्या आहेत.